पीयूसी प्रमाणपत्राच्या पलीकडे : मालवाहू ट्रकचा धूर, युरियाचे द्रावण आणि मधमाशी

महाराष्ट्रातील कांदा, डाळिंब आणि द्राक्षे घेऊन निघालेले ट्रक कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या मार्गाने किंवा सोलापूरहून विजापूर, चित्रदुर्ग या मार्गाने बेंगळुरूला येतात. तुमकूर आणि नेलमंगल ओलांडून ते शहरात शिरतात. यातील बराच माल यशवंतपूरच्या बाजार आवारात उतरतो. या प्रवासात शेतकरी उत्पादक कंपन्यांचे लक्ष साहजिकच मालाच्या टिकाऊपणाकडे आणि भावाकडे असते. वाहनाची प्रदूषण तपासणी हा विषय वाहनमालकाचा किंवा चालकाचा समजला जातो आणि ‘पीयूसी आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नात तो संपतो.

एका प्रशिक्षणवर्गात परागीभवनावरील व्याख्यानानंतर एका शेतकरी बांधवांनी विचारलेल्या प्रश्नामुळे हा विषय लिहावासा वाटला. त्यांच्या गटाने मालवाहतुकीसाठी ट्रक घेतला होता. ते म्हणाले, “सर, गाडीची पीयूसी आहे, फिटनेसही आहे. युरियाचा खर्च वाचावा म्हणून मेस्त्रीने एक छोटी पेटी बसवून दिली आहे. त्याने काही बिघडते का?” हेच गृहस्थ स्वतःच्या शेतात कांद्याचे बीजोत्पादन घेतात आणि फुलोऱ्यावर पूर्वीइतक्या मधमाश्या येत नाहीत, अशी तक्रार त्यांनी सकाळच्या सत्रात केली होती.

या दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे आणि काय नाही, हे समजून घेण्यासाठी तपासणीचे नियम नेमके काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, येथून सुरुवात करावी लागेल.

दोन प्रमाणपत्रे, दोन उद्देश

अवजड मालवाहू वाहनाला प्रदूषणाच्या संदर्भात दोन प्रमाणपत्रांशी संबंध येतो. पहिले प्रदूषण नियंत्रणाखाली असल्याचे, म्हणजे पीयूसी. दुसरे योग्यता, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्र.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार, प्रथम नोंदणीच्या दिनांकापासून एक वर्ष पूर्ण झाल्यानंतर प्रत्येक वाहनाजवळ वैध पीयूसी असणे बंधनकारक आहे. भारत स्टेज ४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांसाठी हे प्रमाणपत्र एक वर्ष चालते. त्याआधीच्या वाहनांसाठी केवळ सहा महिने. आपल्या वाहनाचे मानक नोंदणी पुस्तिकेत पाहता येते. भारत स्टेज ४ मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर, तर भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. स्टेज ४ मानके २०१० मध्ये प्रथम मोजक्या १३ शहरांत आली होती. त्यांत बेंगळुरू, मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरचाही समावेश होता.

पीयूसी केंद्रीय नियमांखाली दिली जात असल्याने महाराष्ट्रात काढलेले प्रमाणपत्र कर्नाटकातही वैध असते. २०२१ मध्ये त्याचा नमुना देशभर एकसारखा करण्यात आला असून त्यावर क्यूआर कोड असतो. प्रमाणपत्राची माहिती राष्ट्रीय वाहन नोंदणी प्रणालीशी जोडलेली असल्याने रस्त्यावरील अधिकारी ती तेथेच पडताळू शकतो. तपासणी न करता केवळ कागद मिळविण्याचा मार्ग म्हणूनच जोखमीचा ठरतो.

फिटनेस प्रमाणपत्रात ब्रेक, दिवे, सुकाणू यांच्यासह वाहनाची एकूण स्थिती तपासली जाते. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अवजड वाहनांची ही तपासणी माणसाच्या नजरेऐवजी यंत्रांनी व्हावी, यासाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांतूनच ती करून घेण्याचे धोरण केंद्र शासनाने स्वीकारले असून त्यासाठी १ ऑक्टोबर २०२४ ही तारीख निश्चित केली होती. नाशिक येथे आणि बेंगळुरूजवळ नेलमंगल येथे यांत्रिक तपासणीची केंद्रे उभी राहिली आहेत. ‘ओळखीने काम होईल’ हा भरवसा यापुढे उत्तरोत्तर कमी होत जाणार, हे वाहनमालकांनी लक्षात घेतले पाहिजे.

धूरमापी नेमके काय मोजतो?

डिझेल वाहनाची पीयूसी तपासणी उभ्या वाहनावर होते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन एकदम कमाल गतीपर्यंत नेले जाते आणि त्या वेळी बाहेर पडणाऱ्या धुराची घनता धूरमापी यंत्राने मोजली जाते. आधी काही वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबून नळीतील साचलेली काजळी बाहेर काढतात, मग लागोपाठ मापने घेऊन त्यांची सरासरी काढतात. इंजिन पुरेसे तापलेले असणे आवश्यक असते. इंजिन तेलाचे तापमान किमान ६० अंश सेल्सिअस असावे, अशी अट आहे. थंड इंजिनावर घेतलेले मापन हे वाहनमालकाचेच नुकसान करते, कारण थंड इंजिनात इंधन अपुरे जळते आणि धूर अधिक दिसतो.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. धुराच्या स्तंभाच्या एका टोकाकडून प्रकाश सोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला त्यातील किती पोहोचला, हे मोजले जाते. भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी प्रकाश शोषण गुणांकाची मर्यादा प्रति मीटर २.४५, तर स्टेज ४ वाहनांसाठी १.६२ आहे. हार्ट्रिज एककात हेच आकडे अनुक्रमे ६५ आणि ५० असे येतात. सोप्या भाषेत सांगायचे तर ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुराच्या स्तंभाने जुन्या वाहनात ६५ टक्के आणि स्टेज ४ वाहनात ५० टक्क्यांहून अधिक प्रकाश अडविता कामा नये. आपल्या वाहनाला लागू असलेली मर्यादा आणि प्रत्यक्ष आलेले मापन हे दोन्ही आकडे प्रमाणपत्रावर छापलेले असतात. बहुतेक वाहनमालक त्यांतील फक्त वैधतेची तारीख वाचतात.

कीड व्यवस्थापनात आपण आर्थिक नुकसानीची पातळी मानतो. शेतात एकही किडा नसावा, अशी आपली अपेक्षा नसते. परंतु संख्या वाढत चालली आहे का, याकडे आपले लक्ष असते. धुराच्या आकड्याकडेही तसेच पाहावे. गेल्या वर्षी ०.६ असलेले मापन यंदा १.३ झाले असेल, तर वाहन उत्तीर्ण आहे. पण इंजिनाचे काहीतरी बिघडत चालले आहे. मर्यादा ओलांडण्याची वाट पाहणारा मालक हा शेंडे वाळल्यावर फवारणीचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यासारखा असतो.

जे या तपासणीत मोजले जात नाही

आता त्या ‘छोट्या पेटी’कडे वळू. डिझेल इंजिनातून दोन प्रकारचे प्रदूषक प्रामुख्याने बाहेर पडतात. एक काजळीचे कण आणि दुसरे नत्राची ऑक्साइडे. काजळी डोळ्यांना दिसते आणि धूरमापीलाही दिसते. नत्राची ऑक्साइडे मात्र प्रकाश अडवीत नाहीत. डिझेल वाहनाच्या पीयूसी तपासणीत ती मोजलीच जात नाहीत.

नव्या वाहनांच्या मानकांत मात्र त्यांच्यावर कठोर मर्यादा आहे. अवजड इंजिनांसाठी नत्राच्या ऑक्साइडांची मर्यादा भारत स्टेज ३ मध्ये प्रति किलोवॅट-तास ५.० ग्रॅम होती, स्टेज ४ मध्ये ३.५ ग्रॅम झाली आणि स्टेज ६ मध्ये ०.४० ग्रॅमपर्यंत खाली आली. चाचणीच्या पद्धती काहीशा बदलल्या असल्या, तरी स्टेज ४ च्या तुलनेत ही मर्यादा जवळपास नवव्या हिश्श्यावर आली आहे. कणांची मर्यादाही याच काळात ०.१० ग्रॅमवरून ०.०१ ग्रॅमवर आली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० वरून ५० आणि पुढे १० भागांपर्यंत घटविल्यामुळे ही प्रणाली टिकणे शक्य झाले.

नत्राची ऑक्साइडे घटविण्याचे काम एससीआर नावाची उत्प्रेरकी प्रणाली करते. पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण तप्त धुरात फवारले जाते. उष्णतेने युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर हा अमोनिया नत्राच्या ऑक्साइडांशी संयोग पावतो आणि त्यांचे रूपांतर निरुपद्रवी नत्र वायूत आणि पाण्याच्या वाफेत होते. याच द्रावणाला बाजारात डीईएफ म्हणतात आणि चालक त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात. द्रावण संपले किंवा त्याची प्रत खालावली, तर वाहनाचे संगणक नियंत्रण आधी इशारा देते आणि मग इंजिनाची शक्ती कमी करते.

मेस्त्रीने बसविलेली पेटी म्हणजे एम्युलेटर. द्रावण फवारले जात नसतानाही ‘सर्व ठीक आहे’ असा खोटा संदेश ती संगणकाला देत राहते. इंजिनाची शक्ती कमी होत नाही, द्रावणाचा खर्च वाचतो आणि पीयूसी केंद्रावर धूरही मर्यादेतच भरतो, कारण तेथे केवळ काजळी मोजली जाते. प्रत्यक्षात मात्र ट्रक नत्राची ऑक्साइडे मर्यादेच्या अनेक पट सोडत रस्त्याने धावत असतो.

म्हणजे वैध पीयूसी हातात असूनही वाहन नियमबाह्य असू शकते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करण्यास मनाई करते. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मधमाशीच्या बाजूने पाहताना

कीटकशास्त्रज्ञाला या विषयात रस का असावा, याचे उत्तर बेंगळुरूतच सापडते. येथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेत गीता तिम्मेगौडा, शॅनन ओल्सन आणि सहकाऱ्यांनी आग्या मधमाशीवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हवेच्या प्रदूषणाची पातळी वेगवेगळी असलेल्या शहरातील व परिसरातील ठिकाणांहून १,८०० हून अधिक रानटी मधमाश्यांचे निरीक्षण व संकलन करण्यात आले. मध्यम आणि अधिक प्रदूषित ठिकाणांहून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या २४ तासांच्या आत मरण पावल्या. अशा ठिकाणी माश्यांच्या फुलांवरील भेटी कमी होत्या, त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता होती, रक्तपेशींची संख्या घटलेली होती आणि अंगावर जड धातू असलेले सूक्ष्म कण चिकटलेले होते. हे प्रदूषण एकट्या ट्रकचे नव्हते. शहराच्या हवेत इतर वाहने, बांधकामे आणि रस्त्यावरची धूळ यांचाही वाटा असतो. तथापि, हवेतील कण माशीला थेट मारत नसले तरी आतून दुर्बल करतात, हे आपल्याच देशातील, आपल्या परिचयाच्या माशीवर सिद्ध झाले आहे.

नत्राच्या ऑक्साइडांचा परिणाम याहून वेगळ्या वाटेने होतो. मधमाशी फूल शोधताना रंगाइतकाच गंधाचा आधार घेते. हा गंध म्हणजे अनेक बाष्पशील रसायनांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की मोहरीवर्गीय फुलांच्या गंधातील दोन घटक डिझेलच्या धुरात एका मिनिटाच्या आत ओळखता न येण्याइतके नष्ट होतात आणि यामागे मुख्यतः नत्राची ऑक्साइडे असतात. हे घटक वगळलेला गंध प्रशिक्षित मधमाश्यांना पूर्वीसारखा ओळखता आला नाही.

पुढे रीडिंग विद्यापीठातील चमूने खुल्या शेतात काळ्या मोहरीवर नियंत्रित प्रमाणात डिझेलचा धूर आणि ओझोन सोडून प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. परागीभवन करणाऱ्या कीटकांची संख्या ६२ ते ७० टक्क्यांनी आणि त्यांच्या फुलांवरील भेटी ८३ ते ९० टक्क्यांनी घटल्या. परागीभवनावर अवलंबून असलेले उत्पादन १४ ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. प्रयोगातील प्रदूषणाची पातळी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या मर्यादेच्याही आतच होती.

आपल्या पिकांचा विचार करता यातील धोका सहज ध्यानात येतो. कांद्याच्या एका फुलात पुंकेसर आधी पक्व होतात आणि स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे बीजधारणेसाठी कीटकांची ये-जा अनिवार्य ठरते. सूर्यफूल, कलिंगड, कारले, दोडका यांचीही स्थिती कमी-अधिक प्रमाणात अशीच आहे. महामार्गालगत किंवा साखर कारखान्याकडे जाणाऱ्या वर्दळीच्या रस्त्यालगत बीजोत्पादनाचे क्षेत्र असेल, तर सातेरी, फुलोरी आणि आग्या माश्यांना फुलोऱ्याचा माग काढणे अवघड होऊ शकते.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रश्न विचारणाऱ्या शेतकरी बांधवांच्या शेतात माश्या कमी येण्याचे कारण त्यांचा ट्रक आहे, असे कोणीही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. फुलोऱ्यात केलेली कीटकनाशकांची फवारणी, बांधावरच्या झाडाझुडपांचा नाश आणि जवळपास मोहोळे नसणे ही कारणे आधी तपासावीत. एक ट्रक हवा बिघडवीत नाही. पण एकेका ट्रकवरील एकेक पेटी मिळूनच महामार्गाची हवा घडते.

शेतातला युरिया आणि ट्रकमधला युरिया

द्रावणाचा खर्च टाळण्याचा आणखी एक प्रकार ग्रामीण भागात आढळतो. खताच्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून तोच टाकीत ओतणे. ‘शेवटी युरियाच तो,’ हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा वाटतो. परंतु तो तीन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले कारण रासायनिक. देशात २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे आहे. शेतात हे लेपन नत्राचे विमोचन मंदावते म्हणून उपयुक्त ठरते. फवारणीच्या सूक्ष्म नोझलमध्ये आणि उत्प्रेरकावर मात्र तेच तेल घातक असते. खताच्या युरियातील बाययुरेट आणि इतर अशुद्धी, शिवाय विहिरीच्या वा बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियम, सोडियम यांचे थर उत्प्रेरकावर साचतात. एकदा निकामी झालेला उत्प्रेरक पुन्हा कामाला लागत नाही; तो बदलावा लागतो आणि त्याचा खर्च वाचविलेल्या द्रावणाच्या कितीतरी पट असतो.

दुसरे कारण कायदेशीर. अनुदानित युरिया हा केवळ पिकासाठी आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार तो अन्य कामासाठी वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला जीवनावश्यक वस्तू अधिनियमाचे बळ आहे. खरिपात युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याने याचा विचार अवश्य करावा: वाहनांकडे वळलेली प्रत्येक गोणी कोणाच्या तरी मक्याच्या वा भाताच्या वाट्यातून जाते.

तिसरे कारण साठवणुकीचे. योग्य प्रतीचे द्रावणही उष्णतेने खराब होते. २५ अंश तापमानात ते सुमारे १८ महिने, ३० अंशांत १२ महिने, तर ३५ अंशांत सहा महिने टिकते. मराठवाड्यातील किंवा विजापूरकडील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला डबा याहूनही लवकर खराब होईल. द्रावण लहान प्रमाणात, सीलबंद, मानक चिन्ह पाहून घ्यावे. सावलीत ठेवावे आणि ओतण्यासाठी डिझेलचे नरसाळे वापरू नये.

तपासणीआधीची निगा

पीयूसी केंद्रात जाण्याआधी धुराचा रंग पाहण्याची सवय चालकाला लावावी. रंग हे लक्षण आहे. लक्षणावरून रोगाचे निदान करण्याची रीत शेतकऱ्याला नवी नाही.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक किंवा इंधनाची फवारणी सदोष. एअर फिल्टर तुंबला आहे का, टर्बोच्या नळ्यांतून हवा गळते का, इंजेक्टरची नोझले झिजली आहेत का आणि वाहनावर क्षमतेहून अधिक भार टाकला जातो का, हे तपासावे. खळे, ऊसतोड आणि कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या वाहनांचा एअर फिल्टर फार लवकर भरतो. पुस्तिकेतील अंतराच्या आधीच तो पाहावा.

निळसर धूर म्हणजे इंजिन तेल ज्वलनकक्षात शिरून जळते आहे. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बोचे सील यांत दोष असू शकतो.

पांढरा धूर सकाळी इंजिन सुरू करताना काही काळ दिसणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो टिकला, तर न जळलेले इंधन किंवा इंजिनात उतरणारे शीतक पाणी असा संशय घ्यावा.

स्टेज ६ वाहनांत काजळी पकडणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. साचलेली काजळी ती ठरावीक अंतराने उच्च तापमानाला जाळून टाकते. सतत गावातल्या गावात, थोड्या अंतरावर आणि कमी गतीने फिरणाऱ्या वाहनात ही क्रिया पूर्ण होत नाही आणि इशारा दिवा लागतो. अशा वेळी गाळणी ‘काढून टाकण्याचा’ सल्ला मिळतो. तो स्वीकारू नये. वाहन महामार्गावर स्थिर गतीने काही काळ चालविणे किंवा अधिकृत कार्यशाळेत गाळणी स्वच्छ करवून घेणे, हा योग्य उपाय आहे.

वाहन नापास झाले किंवा रस्त्यात अडविले गेले तर

तपासणीत मापन मर्यादेबाहेर गेले, तर केंद्राने कारण नमूद करून नकारपत्र देणे अपेक्षित आहे. ते मागून घ्यावे. ते दाखवून कार्यशाळेत दुरुस्ती करवून घेता येते आणि यंत्राविषयी शंका असल्यास दुसऱ्या अधिकृत केंद्रात फेरतपासणीही करता येते.

रस्त्यावर पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला एखादे वाहन मर्यादेबाहेर प्रदूषण करते असे वाटण्यास कारण असेल, तर नियम ११६ नुसार तो लेखी आदेश देऊन तपासणी करण्यास सांगू शकतो. मग जवळ वैध पीयूसी असो वा नसो. त्यानंतर सात दिवसांत प्रमाणपत्र सादर करावे लागते. ते सादर न झाल्यास नोंदणी निलंबित होऊ शकते आणि नोंदणीबरोबर परवानाही निलंबित मानला जातो. कलम १९०(२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी चालकाचा परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. दंडाहूनही मोठा फटका म्हणजे भर हंगामात आठवडाभर उभा राहिलेला ट्रक आणि त्यात पिकत राहिलेला माल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गटांना मार्गदर्शन करताना पुढील बाबी त्यांच्या निदर्शनास आणाव्यात.

१. गटाच्या प्रत्येक वाहनाची एक नोंदवही असावी. पीयूसीची तारीख, धुराचे प्रत्यक्ष मापन, फिटनेसची मुदत, एअर फिल्टर बदलल्याचा दिनांक आणि भरलेल्या द्रावणाची नोंद त्यात ठेवावी. डिझेलच्या प्रमाणात द्रावणाचा खप अचानक शून्यावर आला, तर कोणीतरी छेडछाड केली आहे, असे समजावे.

२. हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी तपासणी करवून घ्यावी. मुदत संपण्याच्या दिवशी मापन मर्यादेबाहेर आले, तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

३. भाड्याने ट्रक घेताना करारात वैध पीयूसी, फिटनेस आणि मूळ स्थितीतील एससीआर व डीपीएफ प्रणाली, अशी अट लेखी घालावी. परराज्यात माल पाठविताना ही अट अधिकच महत्त्वाची ठरते.

४. एम्युलेटर बसविलेला असल्यास तो अधिकृत कार्यशाळेत काढून प्रणाली पूर्ववत करवून घ्यावी. बराच काळ बंद असलेल्या नळ्यांत द्रावणाचे स्फटिक साचलेले असतात. ते स्वच्छ केल्याशिवाय प्रणाली सुरू करू नये.

५. बीजोत्पादन आणि वेलवर्गीय भाजीपाल्याची क्षेत्रे शक्य तेथे वर्दळीच्या रस्त्यापासून आत घ्यावीत. रस्त्याच्या बाजूने शेवगा, करंज, शेवरी यांसारख्या झाडांची ओळ लावावी. तिच्यामुळे धूळ काही प्रमाणात अडते आणि माश्यांना फुलेही मिळतात. फुलोऱ्याच्या काळात माल भरण्यासाठी थांबलेल्या ट्रकची इंजिने शेताच्या कडेला चालू ठेवू नयेत.

प्रशिक्षणवर्गातील त्या प्रश्नाला दिलेले उत्तर थोडक्यात असे होते: पीयूसी केंद्रावरचे यंत्र फक्त काजळी पाहते, त्या पेटीमुळे जे बाहेर पडते, ते यंत्राला दिसत नाही, पण फुलाच्या गंधाला ते जाणवते. त्यावर त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न एकच होता, “मग पेटी काढायला किती खर्च येईल?” विस्तार कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न आपापल्या गावातील प्रत्येक वाहनमालकाच्या तोंडी यावा, असा प्रयत्न करावा. नोझल, उत्प्रेरक आणि पंप शाबूत असताना पेटी काढली, तर हा खर्च आटोक्यात राहतो. उशीर केला, तर तो दर महिन्याने वाढत जातो.